दुबार फुलणारा हायड्रेंजिया

(कुल : हायड्रेंजिएसी). एकाच हंगामात एकापेक्षा अधिक वेळा बहर धरणाऱ्या हायड्रेंजियाच्या उद्यानवाणांचा समूह. यांतील बहुतेक वाण हायड्रेंजिया मॅक्रोफायला या मूळच्या जपानी जातीचे असून काही तिच्या जवळच्या हायड्रेंजिया सेराटा या जातीपासून निघाले आहेत. झुडूप पानझडी, साधारणपणे १ ते १.५ मी. उंच, पाने समोरासमोर, रुंद, जाडसर व कडेला दातेरी असतात. प्रजातीचे नाव ‘पाणी’ व ‘भांडे’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून पडले असून ते तिच्या पेल्यासारख्या फळांना उद्देशून आहे. झुडपाची तहान पाहता मात्र ते वेगळ्याच अर्थानेही शोभून दिसते.

फुलोऱ्यात ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरे तर मोठी, रंगीत संदले (फुलाच्या सर्वांत बाहेरच्या वेढ्यातील दले) असतात. गेंदासारख्या गोल फुलोऱ्यात जवळजवळ सर्वच फुले अशी वांझ व दिखाऊ असतात. चपट्या, जाळीदार फुलोऱ्यात मध्यभागी बारीक जननक्षम फुलांचा झुबका आणि भोवती मोजक्या मोठ्या फुलांचे कडे असते. दुबार फुलणारे वाण दोन्ही प्रकारांत आढळतात.

सामान्य मॅक्रोफायला वाण आपल्या पुढील वर्षाच्या कळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत, चालू वर्षीच्या फांद्यांच्या शेंड्यांत धरतो. त्या कळ्या हिवाळाभर उघड्या फांदीवर असतात आणि कडक थंडीने, उशिरा आलेल्या दहिवराने किंवा अवेळी चाललेल्या कात्रीने गेल्या, की मुळापासून कितीही जोमदार फुटवे आले तरी त्या वर्षी झुडपावर नुसती पानेच दिसतात. दुबार फुलणारा वाण जुन्या फांदीवर तर फुलतोच, शिवाय त्याच हंगामात जमिनीतून निघालेल्या नव्या फुटव्यांवरही कळ्या धरतो. जुन्या लाकडावरील बहर साधारण उन्हाळ्याच्या सुरुवातीस येतो आणि नव्या फुटव्यांचा त्यामागून, उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून शरदापर्यंत. घरच्या बागेतील सारी निगा या दोन बहरांच्या संदर्भात समजून घ्यावी लागते : पहिल्यासाठी जुन्या फांद्या जपायच्या आणि दुसऱ्यासाठी नव्या फुटव्यांची वाढ कोठेही खुंटू द्यायची नाही.

हा गुण असलेली झुडपे पूर्वीही अधूनमधून दिसत होती, पण त्यांना बाजारपेठ मिळाली ती अमेरिकेत. मिनेसोटा राज्यातील बेली नर्सरीज या रोपवाटिकेत १९८०च्या दशकात एक रोप तेथील कडाक्याच्या हिवाळ्यानंतरही फुलताना आढळले. जॉर्जिया विद्यापीठातील उद्यानविद्या-तज्ज्ञ मायकेल डर यांनी १९९८ मध्ये ते पाहिले व नव्या फांदीवर फुलण्याचा त्याचा गुण हेरला. २००४ मध्ये ते ‘एंडलेस समर’ या नावाने विक्रीस आले. त्यानंतर जाळीदार फुलोऱ्याचा ‘ट्विस्ट-अँड-शाउट’, पांढरा ‘ब्लशिंग ब्राइड’ असे अनेक वाण निघाले. ‘पेनी मॅक’ हा वाण अमेरिकन हायड्रेंजिया सोसायटीच्या संस्थापक पेनी मॅकहेन्री यांच्या नावाने ओळखला जातो.

सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारनंतर सावली ही जागा सर्वांत उत्तम. दाट सावलीत फांद्या लांबट होऊन फुले कमी येतात, तर दिवसभराच्या कडक उन्हात संदले करपतात. माती भुसभुशीत, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध व निचऱ्याची हवी. लागवडीच्या खड्ड्यात चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळावे, रोप कुंडीत जितक्या खोलीवर होते तितक्याच खोलीवर लावावे आणि बुंध्यापासून थोडे अंतर सोडून ५ ते ७ सेंमी. जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन पसरावे.

पाण्याचा हलगर्जीपणा दुसऱ्या बहराला सर्वांत आधी भोवतो. पाण्याचा ताण बसला की नवे फुटवे जागच्या जागी थांबतात आणि त्यांच्या शेंड्यांत कळी धरतच नाही. तथापि भर दुपारी पाने माना टाकतात म्हणून लगेच पाणी ओतणे चुकीचे आहे. मातीत ओलावा असूनही उन्हाच्या माऱ्यापुढे रुंद पाने लोंबतात व संध्याकाळी आपोआप ताठ होतात. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. तेथे कोरडे लागले किंवा संध्याकाळनंतरही पाने लोंबतच राहिली, तरच आळे भरून खोलवर पाणी द्यावे. रोज शिंपडलेले थोडेथोडे पाणी वरच्याच थरात राहते व मुळेही वरच येतात. खत वसंतात व पहिल्या बहरानंतर बेताने द्यावे. नत्र जास्त झाले की पाने गडद हिरवी, मोठी होतात आणि फुले हरवतात.

छाटणीच्या बाबतीत संयम हीच खरी मशागत होय. शरदात किंवा हिवाळ्यात झुडूप बुंध्यापर्यंत छाटल्यास पहिला बहर पूर्णपणे जातो. वसंतात फांद्या वाळक्या काटक्यांसारख्या दिसतात, तेव्हाही घाई करू नये. पालवी फुटेपर्यंत वाट पाहून, नखाने साल खरवडल्यावर आतून तपकिरी व कोरडी निघणारी फांदीच काढावी. हिरवी झाक दिसली तर ती जिवंत असते. उमलून गेलेला फुलोरा मात्र वेळीच काढलेला बरा. संदले फिकी, हिरवट पडू लागली, की फुलोऱ्याखालच्या देठावरून खाली येत पानांच्या बेचक्यांत पाहावे. जेथे टपोऱ्या डोळ्यांची पहिली जोडी दिसेल तिच्या किंचित वर काप द्यावा. असे केल्याने नव्या फुटव्यांना चालना मिळते. हिवाळ्यापूर्वीचे शेवटचे फुलोरे झुडपावरच ठेवावेत, कारण त्यांमुळे खालच्या कळ्यांना थोडा आसरा मिळतो.

फुलांचा रंग मातीतील ॲल्युमिनियम मुळांना किती मिळते यावर ठरतो. मातीचा सामू (आम्लता वा अल्कता दर्शविणारा अंक, पीएच) ५.५ च्या खाली असल्यास ॲल्युमिनियम विद्राव्य राहते, संदलांतील डेल्फिनिडिन या रंगद्रव्याशी संयोग पावते आणि निळा रंग येतो. सामू ६.५ च्या वर गेल्यास फुले गुलाबी होतात व अधल्यामधल्या मातीत जांभळी छटा दिसते. निळ्यासाठी ॲल्युमिनियम सल्फेट व गुलाबीसाठी चुना वापरतात. जास्त स्फुरद (फॉस्फरस) असलेले खत ॲल्युमिनियमला जखडून ठेवते, त्यामुळे निळी फुले हवी असल्यास ते टाळावे. बदल सावकाश होतो. पांढऱ्या वाणांवर या उपायांचा उपयोग होत नाही.

कडक थंडीच्या प्रदेशांत बुंध्याभोवती पाने किंवा पेंढ्याचा जाड थर रचतात. कुंडीतील मुळे जमिनीतल्यापेक्षा लवकर गारठतात, म्हणून कुंडी गोठणाऱ्या थंडीपासून दूर, आडोशाला ठेवावी. भुरी, पानांवरील ठिपके, मावा व लाल कोळी यांचा उपद्रव संभवतो. पाणी पानांवर न देता मुळाशी दिल्यास आणि झुडपांत हवा खेळती ठेवल्यास बुरशीजन्य रोग पुष्कळ आटोक्यात राहतात. झाडाचे सर्व भाग खाल्ल्यास विषारी असल्याने पाळीव जनावरे व लहान मुले यांपासून जपावे.

अभिवृद्धी फुले नसलेल्या कोवळ्या फांद्यांच्या छाट कलमांनी उन्हाळ्याच्या पूर्वार्धात करतात. दाब कलम त्याहून सोपे : बाजूची लवचिक फांदी जमिनीकडे वाकवून, एक पेर मातीत दाबून वर दगड ठेवतात व मुळे धरल्यावर ती मूळ झुडपापासून तोडून वेगळी लावतात.