हीरो १०० : शांघायने घडवलेले पेन

शाईच्या पेनांचे संग्राहक हीरो १०० या चिनी पेनाविषयी बोलू लागले की दुसऱ्याच वाक्यात पार्कर ५१ चे नाव निघते, आणि त्यात वावगे काही नाही. निब जवळजवळ पूर्ण झाकणारे आवरण, त्यातून लिहिण्यापुरते डोकावणारे टोक, आट्यांशिवाय नुसते दाबून बसणारे टोपण आणि धातूची पट्टी दाबून शाई ओढून घेण्याची सोय, हे सारे मूळचे त्या अमेरिकी पेनाचे. मात्र ‘पार्करची नक्कल’ एवढ्यावर विषय संपवला, तर हे पेन शांघायमध्येच का जन्मले, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. परदेशी माल उघड्या डोळ्यांनी पाहणे, त्यावर बहिष्कार घालणे आणि मग तोच माल स्वतः बनवून पुढे जाण्याची ईर्षा धरणे ही या शहराची जुनी रीत आहे, आणि हीरो १०० हे त्या रीतीचेच फळ आहे.

पहिल्या अफू युद्धानंतर १८४२ मध्ये झालेल्या नानजिंगच्या तहाने चीनची पाच बंदरे परदेशी व्यापाराला खुली झाली, त्यांपैकी शांघाय हे एक. नोव्हेंबर १८४३ पासून तेथे ब्रिटिश व्यापारी अधिकृतपणे राहू लागले. त्यांच्यामागून फ्रेंच आले, अमेरिकी आले, आणि चीनच्याच भूमीवर चिनी कायदा ज्यांना लागू नाही अशा परकीय वसाहती उभ्या राहिल्या. या भरभराटीत मुंबईचा वाटा लहान नव्हता. मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या माळव्याच्या अफूवर ज्या पेढ्या गबर झाल्या, त्यांत डेव्हिड ससून यांची पेढी अग्रभागी होती. काळा घोड्याजवळच्या वाचनालयामुळे मुंबईकरांना ठाऊक असलेले हे नाव शांघायच्या नदीकाठावर, म्हणजे बंडवर, अधिकच ठसठशीत दिसते. तेथे व्हिक्टर ससून यांनी उभारलेले आणि १९२९ मध्ये खुले झालेले कॅथे हॉटेल आपल्या हिरव्या निमुळत्या छतासह आजही उभे आहे.

पेनाच्या दृष्टीने मात्र बंडवरच्या इमारतींपेक्षा शहराचे छापखाने महत्त्वाचे आहेत. ‘शेनबाओ’ हे दैनिक शांघायमध्ये १८७२ मध्ये सुरू झाले, आणि पुढे चीनमधील शालेय पुस्तकांचा मोठा भाग छापणारी कमर्शियल प्रेस ही संस्था १८९७ मध्ये तेथेच स्थापन झाली. वृत्तपत्रे, प्रकाशनगृहे, बँका, विमा कंपन्या आणि नव्या पद्धतीच्या शाळा एकाच शहरात दाटल्यामुळे दिवसभर लिहिण्यावर पोट असलेला एक मोठा वर्ग तयार झाला. दौतीत शाई घोटून कुंचल्याने लिहिण्याइतकी सवड कचेरीच्या टेबलावर नसते. फाउंटन पेन आले तेव्हा या वर्गाला ते हवेच होते, पण ते येत होते परदेशातून.

३० मे १९२५ रोजी शांघायच्या नानजिंग रोडवर आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर उसळलेल्या संपांनी आणि बहिष्कारांनी ‘राष्ट्रीय माला’च्या चळवळीला, जी त्याआधीच सुरू झालेली होती, नवे बळ दिले. देशी काडेपेटी, देशी साबण, देशी बनियन यांच्या रांगेत देशी पेनही येऊन बसले. चौ जिंगथिंग यांनी १९३१ मध्ये शांघायमध्ये ह्वाफू हा पेनांचा कारखाना काढला. हीरोचा वंश तेथून सुरू होतो. जाता जाता नोंदवण्याजोगी गोष्ट अशी की, याच १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ या नावाने शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, ज्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. दोन्ही उद्योगांचा परस्परांशी संबंध नव्हता, पण लिहिण्याचे साहित्य आपले असावे ही भावना दोन्ही बंदरांत एकाच सुमारास बळावली होती.

ह्वाफूचा आरंभ बऱ्या काळात झाला नाही. जानेवारी १९३२ च्या अखेरीस जपानने शांघायच्या चापेइ भागावर बाँबफेक केली. तीत कमर्शियल प्रेसचा छापखाना उद्ध्वस्त झाला आणि पाठोपाठ तिच्या ग्रंथालयातील लाखो पुस्तके जळाली. १९३७ पासून शहर पुन्हा युद्धाच्या तोंडी सापडले. तरीही पेनाचा धंदा टिकला, कारण कारागीर टिकले. सोन्याचा पत्रा लाटून निब कापणे, तिच्या टोकाला कठीण धातूचा मोहरीहूनही बारीक मणी जोडणे, तो मणी मधोमध चिरणे आणि कागदावर अडखळणार नाही इतका घासणे ही कामे पुस्तकातून शिकता येत नाहीत. या हाताच्या कौशल्याचा साठा शांघायमध्ये होता, म्हणूनच पुढचे सारे तेथे शक्य झाले.

१९४९ मध्ये साम्यवादी सत्तेवर आल्यानंतर चित्र पालटले. कोरियातील युद्धामुळे १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि पार्करची नवी पेने येण्याचा सरळ मार्ग खुंटला. १९५० च्या दशकाच्या मध्यास खासगी कारखाने सरकारी भागीदारीखाली आले, त्यांत ह्वाफूही होता. त्याच वेळी मागणी मात्र वाढत होती. साक्षरतेच्या मोहिमा चालू होत्या, १९५६ मध्ये चिनी लिपीतील चिन्हांच्या सुलभीकरणाची योजना जाहीर झाली, आणि त्याच वर्षाच्या पहिल्या दिवसापासून ‘पीपल्स डेली’ उभ्या ओळी सोडून आडव्या ओळींत छापले जाऊ लागले. डावीकडून उजवीकडे जाणारे हे लेखन पेनाला सोयीचे होते. खिशाला लावलेले पेन शिक्षणाची खूण ठरले. त्या काळच्या गळाबंद कोटाच्या डाव्या वरच्या खिशाच्या झाकणाला पेनासाठी वेगळी चीर ठेवलेली असे, यावरून पेनाचा मान कळतो.

अशा वातावरणात १९५८ साल उजाडले. माओ यांच्या ‘मोठी झेप’ या औद्योगिक मोहिमेच्या त्या वर्षी उद्योगांना परदेशी मालाशी बरोबरी करण्याची लक्ष्ये दिली गेली. पोलादाच्या आघाडीवर त्या लक्ष्यांचे काय झाले आणि त्यापायी लोकांनी काय भोगले, ते सर्वज्ञात आहे. शांघायच्या ह्वाफू कारखान्याने मात्र ‘हीरो पार्करला गाठेल’ अशी घोषणा दिली आणि हीरो १०० बाजारात आणले. ती घोषणा इतकी गाजली की तिच्यावर १९६० मध्ये चित्रपटही निघाला. म्हणजे पार्करचे अनुकरण ही लपवण्याची बाब नव्हती; समोर कोणाला ठेवले आहे, हे भिंतीवर लिहून ठेवलेले होते. प्रचारातले दावे बाजूला ठेवले तरी पेन खरोखर चांगले उतरले, हे मान्य करावे लागते. १४ कॅरट सोन्याची छोटी निब आवरणाखाली असल्यामुळे लवकर सुकत नाही. आवरणाच्या पोटात बारीक खाचांची एक रचना असते. हाताच्या उबेने आतली हवा फुगून शाई पुढे ढकलली गेली, तर जादा शाई त्या खाचांत थांबते आणि कागदावर थेंब पडत नाही. रेघ बारीक ठेवली आहे, आणि तिचे कारण लिपीत आहे: एका लहान चौकोनात पंधरा-वीस फटकारे बसवायचे असतील, तर जाड टोकाने अक्षराचा नुसता डाग होतो.

१९६६ मध्ये ह्वाफू हे नाव जाऊन कारखान्यालाही हीरो हे नाव मिळाले. त्यामुळे ह्वाफूचा ठसा असलेल्या जुन्या पेनांना संग्राहक वेगळा भाव देतात. चीनबाहेर हीरोचे नाव पसरले ते १०० मुळे नव्हे, तर पोलादी निबेच्या स्वस्त भावंडांमुळे. महाराष्ट्रात एका पिढीला सोनेरी टोपणाचे हीरो पेन आठवते, ते बहुतेक ३२९ किंवा ३३६ असते. ज्यांच्याकडे विंग संग या दुसऱ्या चिनी छापाचे पेन होते, त्यांच्याही पेनाचे गाव शांघायच. या पेनांच्या नकला इतक्या निघाल्या की, हीरो ६१६ घेताना ते अस्सल आहे का हे पाहणे संग्राहकांना आजही भाग पडते. दुसऱ्याला गाठायला निघालेल्या कारखान्याच्याच मागे नकलाकार लागावेत, यात काळाने उगवलेला थोडा सूड आहे.

बॉलपेन आणि संगणक यांनी चीनमध्येही शाईच्या पेनाची गरज संपवत आणली. हीरो पेन कारखान्याचा ४९ टक्के हिस्सा २०१२ मध्ये केवळ २५ लाख युआनला विक्रीस काढल्याची बातमी आली, तेव्हा चिनी वाचकांना मोठा धक्का बसला. हीरो १०० मात्र बंद पडले नाही. सोन्याची निब असलेल्या पेनांत ते अजूनही स्वस्तांपैकी गणले जाते. पुढे विंग संग ६०१ आले आणि त्यात पार्कर ५१ च्या सर्वांत जुन्या आवृत्तीसारखी, मागचा दट्ट्या दाबत शाई भरण्याची पद्धत वापरली गेली. खुद्द पार्करने २०२१ मध्ये ५१ पुन्हा बाजारात आणले तेव्हा त्याला आट्यांचे टोपण आणि शाईचे तयार काडतूस किंवा शाई ओढणारी सुटी नळी (कन्व्हर्टर) बसवण्याची सोय दिली, त्यामुळे जुन्या ५१ ची शाई भरण्याची रीत आणि दाबून बसणारे टोपण ज्यांना नव्या पेनात हवे आहे, ते आता शांघायच्याच पेनांकडे वळतात.