ड्राफ्टमधील खेळस्थानांचा अग्रक्रम (एनएफएल)

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगचे (एनएफएल) संघ दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंमधून नवी भरती करतात, तिला ड्राफ्ट म्हणतात. आपली पाळी आली की कोणत्या जागेवरचा खेळाडू आधी घ्यायचा, यावर प्रशिक्षक आणि चाहते महिनोन्‌महिने वाद घालतात. आयपीएलच्या लिलावात बोली निर्णायक असते, इथे पाळी. मागच्या हंगामात तळाला राहिलेला संघ सर्वांत आधी निवडतो. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या कल्पनेतून १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. आज ३२ संघ सात फेऱ्यांत निवड करतात.

चेंडू फेकून हल्ला चालवणारा क्वार्टरबॅक सर्वांत मोलाचा, यावर फारसे दुमत नाही. हल्ल्याच्या जवळपास प्रत्येक चालीत चेंडू त्याच्या हाती येतो. अडचण असते ती नेमका माणूस ओळखण्याची. २०१७ मध्ये शिकागोच्या संघाने आपल्या पुढच्या निवडी दुसऱ्या संघाला देऊन दुसरा क्रमांक मिळवला आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतले. पुढे दिग्गज ठरलेला पॅट्रिक महोम्स दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. तसाच दिग्गज क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी तर २००० मध्ये १९९ वा निवडला गेला.

बाकीच्या जागांचा अग्रक्रम मात्र बराचसा पैशाने ठरतो. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांसाठी ७८ दशलक्ष डॉलरचा होता. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११ च्या कामगार करारात नवोदितांच्या वेतनाला मर्यादा आली आणि त्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २२ दशलक्ष मिळाले. नवोदित इतका स्वस्त झाल्यावर अनुभवी खेळाडूंच्या बाजारात जी जागा महाग, तीच ड्राफ्टमधून भरणे शहाणपणाचे ठरले: क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा लेफ्ट टॅकल, प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर धावून जाणारा पास रशर, फेकलेला चेंडू झेलणारा वाइड रिसीव्हर. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक मागे पडला. २०१३ आणि २०१४ मध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. म्हणूनच २०१८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने दुसऱ्याच क्रमांकावर रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कलीला घेतले, तेव्हा गदारोळ झाला. खेळाडू अस्सल होता, पण संघ दुबळा होता. बार्कलीने धावून २००५ यार्डांचा हंगाम केला तो २०२४ मध्ये, प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या ईगल्सच्या भक्कम फळीमागे, आणि सुपर बोल हा लीगचा अंतिम सामनाही तिथेच जिंकला.

या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण २०२१ मधील सिनसिनाटी बेंगल्सचे. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक जो बरो आदल्या नोव्हेंबरमध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने बाहेर गेला होता. पाचव्या क्रमांकावर त्याचे रक्षण करणारा टॅकल पेनेई स्यूएल घ्यावा, की लुइझियाना स्टेट विद्यापीठातला त्याचा जुना साथीदार, रिसीव्हर जमार चेस? स्यूएलची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे साधे होते: फेकणाराच आडवा झाला, तर झेलणारा काय करणार? बेंगल्सने चेसला घेतले. त्याने पहिल्याच हंगामात १४५५ यार्ड मिळवले आणि संघ सुपर बोलला पोहोचला. तिथे लॉस एंजेलिस रॅम्सने बरोला सात वेळा पाडले आणि सामना २३-२० असा जिंकला. डेट्रॉइटच्या संघाकडे सातव्या क्रमांकावर गेलेला स्यूएल पुढे २०२३ आणि २०२४ मध्ये ऑल-प्रो, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, ठरला.

त्या अंतिम सामन्यामुळे चेसची निवड चुकीची ठरत नाही. बेंगल्सची फळी तुटकी होती, पण चेससारखा रिसीव्हर बाजारात सहसा येतच नाही. फळीतले लोक विकत मिळतात. २०२२ च्या मार्चमध्ये बेंगल्सने ॲलेक्स कॅपा, टेड कॅरस आणि लायेल कॉलिन्स हे तिघे खुल्या बाजारातून आणले.