बांधकामस्थळावरील सुरक्षितता

इमारत, पूल, रस्ता, बोगदा इत्यादींचे काम चालू असताना कामगारांना अपघात व व्यवसायजन्य रोग यांपासून वाचविण्यासाठी मालक, मुख्य कंत्राटदार व पोटकंत्राटदार यांनी करावयाची व्यवस्था. कारखान्यातील यंत्रे वर्षानुवर्षे एका जागी असतात. बांधकामाची जागा मात्र रोज बदलते. काल सपाट असलेल्या जमिनीत आज चर खणलेला असतो, आणि स्लॅबमध्ये लिफ्टसाठी सोडलेली पोकळी काल आलेल्या कामगाराला ठाऊक नसते. म्हणून येथे एकदाच केलेली तपासणी पुरत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८८ मध्ये बांधकामातील सुरक्षितता व आरोग्य यांविषयीचा करार क्र. १६७ संमत केला. एकाच जागी अनेक कंत्राटदार असतील, तर सुरक्षा-उपायांच्या समन्वयाची जबाबदारी त्यात मुख्य कंत्राटदारावर टाकली आहे. वैयक्तिक संरक्षक साधने मालकाने विनामूल्य पुरवावीत, तसेच गंभीर व तातडीचा धोका दिसल्यास कामगाराला तेथून बाजूला होण्याचा हक्क असावा, असेही त्यात म्हटले आहे.

उपायांचा क्रम ठरलेला आहे : धोका मुळातच टाळणे, ते शक्य नसल्यास कमी धोक्याची पद्धत वापरणे, मग कठडे, जाळ्या यांसारखी सर्वांना संरक्षण देणारी सोय, त्यानंतर सूचना व प्रशिक्षण, आणि शेवटी हेल्मेट, हार्नेस (पडणाऱ्या माणसाला धरून ठेवणारा, अंगाला बांधायचा पट्टा), बूट. प्रत्यक्षात बरेच मालक हा क्रम उलटा लावतात, कारण हेल्मेट स्वस्त असते आणि पाहणीला आलेल्याला लगेच दिसते.

उंचीवरून पडणे हे बांधकामातील मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. छताचे भाग जमिनीवर जोडून क्रेनने वर चढविले, तर उंचीवरचे बरेचसे काम उरतच नाही. परांचीला (उंचीवर उभे राहून काम करण्यासाठी बांधलेल्या तात्पुरत्या सांगाड्याला) भक्कम पाया, पूर्ण फळ्या, कठडा व इमारतीशी पक्की बांधणी हवी, आणि जाणकाराने तपासल्याशिवाय तिच्यावर कोणी चढू नये. हार्नेस मजबूत आधाराला अडकविलेला नसेल, तर त्याचा काहीच उपयोग नाही. पडून लोंबकळणाऱ्या माणसाला लवकर खाली घेण्याची तयारीही आधीच लागते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाच्या बांधणीत खाली ताणलेल्या जाळीने १९ जणांचे प्राण वाचविले. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड मचाण निखळून जाळी फाडत खाली गेले व १० कामगार मृत्युमुखी पडले. माणूस झेलण्यासाठी ताणलेली जाळी मचाणाचा भार पेलू शकली नाही.

खोदकामातील धोका तितकासा डोळ्यांत भरत नाही. एक घनमीटर माती सुमारे दीड टन किंवा त्याहून अधिक भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस तोंड उघडे असूनही गुदमरतो, आणि त्याला काढायला घाईने चरात उतरलेला सोबतीही अनेकदा त्याच ढिगाऱ्यात सापडतो. म्हणून चराच्या बाजूंना उतार वा पायऱ्या द्याव्यात, किंवा फळ्या व टेकू लावून त्या रोखून धराव्यात. उपसलेली माती व वाहने काठापासून दूर ठेवावीत, बाहेर पडण्यासाठी शिडी जवळ असावी आणि पावसानंतर चर पुन्हा तपासावा.

सेंटरिंग (ओल्या काँक्रीटला ते घट्ट होईपर्यंत आधार देणारा तात्पुरता साचा व टेकू) वेळेआधी काढू नये. तात्पुरत्या वीजजोडणीत गळतीप्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे साधन असावे. वाहने व पायी चालणारे यांच्या वाटा वेगळ्या आखाव्यात.

आजार उशिरा प्रकटतात, त्यामुळे ते नोंदीतून निसटतात. दगड, काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो व तो बरा होत नाही. पाणी मारत कापणे किंवा धूळ उगमापाशीच ओढून घेणे हा मुख्य उपाय, मास्क त्याला जोड म्हणून.

हे सारे नियोजनावर अवलंबून असते. अवास्तव मुदत आणि कामाच्या मापावर मिळणारी मजुरी कामगाराला कठडा काढून ठेवायला भाग पाडते. अशा वेळी त्याच्या निष्काळजीपणावर बोट ठेवणे सोपे, पण अपुरे ठरते. सूचना कामगारांना समजणाऱ्या भाषेत, शक्यतो प्रात्यक्षिकासह द्याव्यात. थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद करावी, आणि असा प्रसंग सांगणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही याची हमी मालकाने द्यावी.