परसबागेतील उष्णकटिबंधीय वनस्पती

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान मूळ असलेल्या वनस्पती घराच्या परसात लावून वाढवण्याची पद्धत. केळ, जास्वंद, कर्दळ, अळू, पांढरा चाफा, बोगनवेल, हेलिकोनिया, मॉन्स्टेरा ही त्यांतली नेहमीची नावे. यांतल्या काही दाट रानाच्या सावलीत वाढणाऱ्या, तर काही उघड्या, कोरड्या जागी उन्हात तापणाऱ्या. त्यामुळे ‘उष्णकटिबंधीय’ या एका शब्दावरून कोणत्या झाडाला काय हवे ते कळत नाही. सगळ्यांना सारखेच ऊन आणि सारखेच पाणी दिले, की निम्मी बाग बसलीच.

ही हौस जुनी आहे, पण समुद्रमार्गे नेलेली रोपे खारट वारा आणि पाण्याचा तुटवडा यांमुळे वाटेतच मरत. नथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टराने १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोश बंद बरणीत ओल्या मातीत ठेवला होता. त्या मातीत नेचा आणि गवत आपोआप उगवले. बरणीतली वाफ काचेवर थेंब होऊन पुन्हा मातीत उतरत होती. यावरून त्याने काचेच्या बंद पेट्या केल्या आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून लंडनहून सिडनीला पाठवलेली रोपे जिवंत पोहोचली. दूरदेशीच्या वनस्पतींची ने-आण त्यानंतर सोपी झाली.

परसात ही झाडे टिकतील की नाही, हे दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीच्या किमान तापमानावर ठरते. पाणी गोठते ० अंश सेल्सिअसला, पण यांतल्या बऱ्याच झाडांना १० ते १२ अंशांखालीच इजा होऊ लागते. पेशींच्या पटलांमधला मेद घट्ट होतो आणि पटले झिरपू लागतात. पानावर पाण्याने भिजल्यासारखे डाग पडून ते काळे होतात, पण बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी. तोवर थंडीची रात्र विसरलेली असते, ‘पाणी कमी पडले’ म्हणून आणखी पाणी घातले जाते आणि गारठलेली मुळे कुजतात. थंडी आणि ओल एकत्र आली की झाड वाचणे कठीण. एकट्या थंडीतून ते पुष्कळदा निभावते.

केळीवरून हे नीट समजते. तिचे खोड म्हणून जे दिसते ती पानांच्या देठतळांची घट्ट गुंडाळी असते. खरे खोड म्हणजे जमिनीतला गड्डा. वाढीचा कोंब फुलोरा येईपर्यंत खालीच असतो. म्हणून वरचा सांगाडा थंडीने वाळला, तरी गड्डा वाचल्यास नवे मुनवे फुटतात. १४ अंशांच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. अशा वेळी बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा आणि पाणी तोडावे. थंड हवेत बागवाले ‘जपानी केळ’ लावतात. नाव जपानचे असले, तरी ती मूळची दक्षिण चीनमधली. तिचा गड्डा आच्छादनाखाली गोठवणारा हिवाळाही काढतो, मात्र तिची फळे खाण्याजोगी नसतात. कर्दळीचे आणि अळूचे कंद हिवाळ्यापूर्वी उकरून, कोरडे करून घरात ठेवता येतात.

चाफ्याची तऱ्हा वेगळी. फांदी कापताच पांढरा चीक भळाभळा येतो. ती लगेच मातीत खोचली, तर कापलेले टोक बहुधा सडते. सावलीत आठ-दहा दिवस तशीच पडू द्यावी. टोक वाळून त्यावर कठीण पापुद्रा आला, की लावावी. पाने झडलेल्या काळात चाफ्याला जवळजवळ पाणी नको. बोगनवेलही थोडी तहानलेली असली, की जास्त रंगते. तिचे रंगीत भाग म्हणजे छदे, फुलांभोवतीची बदललेली पाने. खरी फुले त्यांच्या मधोमध असतात, लहान आणि फिकट.

पावसाळी अरण्यातील माती बऱ्याचदा निकस असते. सततच्या पावसाने क्षार वाहून जातात आणि अन्न राहते ते कुजणाऱ्या पाल्यात. तिथल्या झाडांची पोषक मुळे त्यामुळे उथळ. परसातही खोल खड्डा करून खत पुरण्यापेक्षा वर पाल्याचा थर राखणे आणि थोडे थोडे खत वरचेवर देणे फायद्याचे. पाणी मात्र साचता कामा नये. मोठ्या पानांची झाडे एकमेकांजवळ लावली, तर त्यांच्यामधली हवा दमट राहते आणि वाऱ्याने पाने फाटत नाहीत. हवा फार कोरडी झाली, की पानांच्या मागे लाल कोळी ही बारीक कीड दिसते. घरात आणलेल्या कुंड्यांवर पिठ्या ढेकूण.

अळू, मॉन्स्टेरा यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; त्यांनी तोंड आणि घसा खाजतो, म्हणून लहान मुले आणि पाळीव जनावरे जपावीत. दुसरे संकट कुंपणापलीकडचे आहे. सोनटक्क्याची पिवळ्या फुलांची बहीण हिमालयातून शोभेसाठी नेली गेली आणि हवाई, न्यूझीलंड, अझोर्स येथील जंगलांत तिने स्थानिक रोपांना उगवायला जागा ठेवलेली नाही. तिच्या कंदाचा तुकडाही पुन्हा फुटतो, त्यामुळे बागेतला असा कचरा ओढ्याकाठी किंवा रानात टाकू नये.