झटका मशीन वेगळं, लाइनचा करंट वेगळा : दुकानाच्या धाब्यावर (गच्चीवर) तार ओढायच्या आधी हे वाचा

डिसेंबर संपत आला की बडोद्यात दुकानवाल्यांचे मला फोन सुरू होतात. म्हणणं बहुतेक एकच, भाऊ, धाब्यावर पोरं चढतात, मागच्या बाजूने कोणीतरी येऊन एसीचे तांब्याचे पाइप कापून नेतं, तुम्ही जरा कठड्यावर एक तार ओढा आणि त्यात करंट सोडून द्या ना. मी विचारतो, झटका मशीनचा का लाइनचा? समोरून येतं, काही पण चालेल, तार तर तीच ना. तार तीच असते हे खरं आहे, कठडा पण तोच, खालून बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही, म्हणूनच सविस्तर लिहितोय, कारण एकाने माणूस दचकून मागे सरतो आणि दुसऱ्याने तो तारेलाच चिकटून मरतो.

झटका मशीन म्हणजे शेताच्या कुंपणाला रोझ (नीलगाय), डुक्कर येऊ नये म्हणून लावतात तेच, कंपनीच्या डब्यावर एनर्जायझर लिहिलेलं असतं. त्याला १२ व्होल्टची बॅटरी किंवा सोलर प्लेट किंवा घरची लाइन काहीही देता येतं, पण ती लाइन सरळ तारेवर जात नाही, आत कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरतो आणि ट्रान्सफॉर्मरमधून एक छोटा झटका बाहेर पडतो. मशीनजवळ उभं राहिलात तर टक... टक... असा आवाज येतो, साधारण सेकंदाला एक. तारेवर काही हजार व्होल्ट असतात, आठ-नऊ हजार पण असतात, आकडा ऐकूनच लोक घाबरतात, पण तो झटका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि त्यानंतर निदान एक सेकंद तार मोकळी असते. सगळी गोष्ट त्या मोकळ्या सेकंदात आहे, हात सुटतो, माणूस मागे होतो. या मशीनसाठी आयईसी ६०३३५-२-७६ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात ५०० ओहमच्या लोडवर एका झटक्याची ऊर्जा ५ जूलच्या वर जायला नको अशी मर्यादा आहे. त्यामुळे घेताना बिल आणि डब्यावर हे मानक बघून घ्या, जुगाड करून बनवलेलं मशीन घेऊ नका.

आता लाइनचा करंट. २३० व्होल्ट, म्हणजे आठ हजारापुढे काहीच नाही असं वाटतं, आणि मोठे मोठे शिकलेले लोक पण मला हेच ऐकवतात की अहो ते मशीनच जास्त डेंजर आहे. नाही हो. २३० व्होल्ट थांबतच नाही, मधे मोकळा सेकंद नाही, आणि मागे पूर्ण लाइन उभी आहे, जेवढा ओढाल तेवढा करंट मिळतो. हातातून १० मिलीअँपच्या आसपास गेला की बोटांचे स्नायू आवळतात आणि सोडायचं म्हटलं तरी तार सुटत नाही, ५० ते १०० मिलीअँप छातीतून गेला की हृदयाचे ठोके बिघडतात. ओल्या हाताच्या माणसाचा रेझिस्टन्स हजार ओहम धरा, २३० मिलीअँप होतात, तुम्हीच हिशोब करा.

एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना, ती पडेल, असं पण म्हणतात. ६ किंवा १० अँपच्या एमसीबीला ०.२३ अँप म्हणजे एक छोटा पंखा चालू केल्यासारखं आहे, ती ढिम्म बसून राहते. आरसीसीबी (करंट लीक झाला की पडणारा स्विच) ३० मिलीअँपची असेल तर ती पडेल, पण उघड्या कठड्यावरची तार पहिल्या दवातच लीक व्हायला लागते, आरसीसीबी रोज पहाटे पडते, दुकानात फ्रीज बंद, आणि मग कोणीतरी तिला बायपास करून टाकतं. अशा जोडण्या मी काढल्या आहेत आणि बायपास केलेलीच सापडते.

रावपुऱ्याच्या बाजूला एका जुन्या कॉम्प्लेक्समध्ये पावसाळ्यात गेलो होतो, तक्रार एवढीच की मागच्या भिंतीला हात लावला की मुंग्या येतात. वर कठड्यावर जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार, पीव्हीसीच्या तुकड्यांवर बांधलेली, एका जागी तुकडा फुटून तार थेट लोखंडी शिडीला टेकलेली. मी तळमजल्यावर शिडीला टेस्टर लावला, दिवा लागला. शेजारच्या पाण्याच्या पाइपला लावला, तिथे पण लागला. त्याच पाइपच्या नळावर सकाळी चहावाल्याचा पोरगा ग्लास विसळतो. तो काही धाबा चढायला गेला नव्हता.

कायद्याचं पण सांगतो कारण 'आमच्या जागेत आम्ही काय पण करू' हे वाक्य फार ऐकतो. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा खटला सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये निकाली काढला. शेजारच्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून मालकाने तिथे उघडी करंटची तार लावली आणि एक बाई मेली. बाई परवानगीशिवाय आत आली होती हे कोर्टाने मान्य केलं, तरी मालकाची शिक्षा कायम ठेवली, कारण घुसखोर असला तरी त्याला जीव जाईल असा सापळा लावायचा हक्क मालकाला मिळत नाही. तेव्हा निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं भारतीय दंड संहितेतलं कलम ३०४-अ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि जाणूनबुजून लावलं असं दिसलं तर त्याहून वरचं कलम लागू शकतं.

आणि आपल्याकडे धाब्यावर चढतं कोण? चोर असतोच, पण जानेवारीत, उत्तरायणच्या पतंगांच्या दिवसांत, जास्त करून दहा-बारा वर्षांचं पोर असतं, नजर आकाशात, कटलेला पतंग तुमच्या धाब्याकडे येतोय, आणि ते एसीच्या आउटडोअरवर पाय देऊन छज्जावर, छज्जावरून कठड्यावर. त्याला तार दिसणारच नाही. मला रात्री झोप लागणार नाही अशी तार मी कोणालाच लावून देत नाही, कितीही पैसे दिले तरी.

मग झटका मशीन धाब्यावर लावा असं म्हणतोय का मी? इथे पण थांबा. मशीनच्या झटक्याने शेतात माणूस सहसा मरत नाही, हात सुटून मागे झाला तरी तो जमिनीवरच असतो. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला लटकलेल्या माणसाला तोच झटका बसला तर हात सुटतो, आणि हात सुटणं हेच तिथे जीवघेणं आहे. म्हणून कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे माणूस लटकून येतो तिथे, मशीनची तार पण नको. मशीन लावायचंच असेल तर खाली, मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याचा सहज हात लागणार नाही अशा उंचीवर, पिवळे बोर्ड गुजराती-हिंदीत थोड्या थोड्या अंतरावर, मशीनची अर्थिंग बिल्डिंगच्या अर्थिंगपासून वेगळी, आणि सगळ्या दुकानवाल्यांची लेखी संमती.

खरं तर बहुतेक ठिकाणी करंटची गरजच पडत नाही, आधी चढायची वाट बघा. मागच्या गल्लीत उभं राहून वर बघितलं की शिडी तुम्हीच बांधून दिलेली दिसते, आउटडोअर युनिट एकावर एक, पावसाचा पाइप क्लॅम्पसकट, मीटरची पेटी, होर्डिंगचा सांगाडा. पाइपला खालच्या आठ-दहा फुटांत गुळगुळीत पत्र्याची पेटी ठोका म्हणजे पकड मिळत नाही, आउटडोअर सरकवा किंवा पिंजरा करा, शेजारच्या धाब्यावरून येत असतील तर मधे उभी जाळी घाला, मागे सेन्सरचा लाइट लावा. काचा लावू नका, त्या पण पोराचेच हात कापतात.

धाब्याच्या दाराला मात्र आतून कुलूप ठोकू नका. सुरतच्या तक्षशिला आर्केडची आग, २४ मे २०१९, वर क्लास चालायचा, बाहेर पडायला वाट मिळाली नाही आणि २२ मुलं गेली. दार असं हवं की आतून बिनकिल्लीने ढकललं की उघडेल आणि बाहेरून उघडणार नाही, पॅनिक बार (दारावरचा आडवा दांडा, ढकलला की कडी सुटते) लावला की हे काम होतं.

ज्यांनी आधीच लाइनची तार ओढून ठेवली आहे त्यांनी आजच मेन बंद करून वायरमनकडून ती मुळापासून काढून घ्या, नुसता स्विच बंद ठेवू नका, कोणीतरी चालू करतंच. आणि मशीनवाल्यांनी १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायण आणि वाशी उत्तरायणच्या दोन्ही दिवशी, मशीन बंद ठेवून धाब्यावर वॉचमन बसवा, अडकलेले पतंग त्याने काढून खाली पोरांना देऊन टाकायचे.