पान रुजणं वेगळं, पेर रुजणं वेगळं

मनीप्लांटचं नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं, तर काही आठवड्यांत देठाच्या टोकाला पांढरी मुळं दिसू लागतात. त्याच वेलीचा पान आणि पेर (खोडावरची गाठ) असलेला तुकडा दुसऱ्या ग्लासात ठेवला, तर त्यालाही येतात. या टप्प्यावर दोन्ही कटिंग सारखीच वाटतात आणि इथेच फसगत होते. पेरवाल्या तुकड्याची पुढे वेल होते. नुसतं पान मात्र मुळांसकट पानच राहतं. मातीत लावा, खत घाला, चांगल्या उजेडात ठेवा, त्याला दुसरं पान येत नाही.

फरक डोळ्याचा, म्हणजे नवा कोंब फुटण्याच्या जागेचा आहे. खोडावर जिथून पान फुटतं ती जागा म्हणजे पेर, आणि दोन पेरांमधला मोकळा भाग म्हणजे कांडं. पेरावर, पानाच्या बगलेत, एक बारीकसा डोळा असतो. वेलीचा शेंडा जोमात वाढत असतो तोवर हा डोळा बहुधा दबलेला राहतो. तुकडा कापून शेंड्यापासून वेगळा केला की त्याला वाढायला मोकळीक मिळते. नवं खोड, नवी पानं, सगळं या डोळ्यातून येतं. मनीप्लांटच्या देठात असा डोळा नसतो. पानाची वाढही ठरावीक असते. ते एका आकारापर्यंत मोठं होतं आणि थांबतं. खोडाच्या टोकाला मात्र वाढत राहण्याची सोय असते.

मग डोळा नसलेल्या पानाला मुळं तरी का फुटतात? पानात ऑक्सिन हे संप्रेरक तयार होतं आणि देठातून खाली उतरत जातं. कापलेल्या टोकापाशी वाट संपते, तिथे ते साचतं आणि त्या जागेच्या पेशी मुळं बनवायला लागतात. वनस्पतिशास्त्रात यांना आगंतुक मुळं म्हणतात. कोंब फुटण्यासाठी मात्र संप्रेरकांचा तोल वेगळा लागतो. फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या पेशींवरच्या प्रयोगांतून हे दाखवून दिलं: सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या तुलनेत ऑक्सिन जास्त असेल तर मुळं येतात, सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब येतात. देठाच्या टोकाला ऑक्सिनचा जोर असतो, म्हणून मुळं लवकर येतात. कोंबासाठी तयार डोळा तरी हवा, नाहीतर साध्या पेशींपासून नवा डोळा घडवण्याची त्या झाडाची क्षमता तरी हवी.

ही क्षमता काही झाडांमध्ये खरोखर असते. आफ्रिकन व्हायोलेटचं पान देठासकट पाण्यात ठेवलं की आधी मुळं आणि मग देठाच्या बुडाशी इवली इवली रोपं येतात. रेक्स बेगोनियाची जाड शीर कापून पान ओलसर मातीवर ठेवलं, तर कापलेल्या जागी रोप उगवतं. झेडझेड प्लांटची एक पर्णिका (पानातलं एक छोटं पान) बुडाशी आधी लहानसा कंद धरते आणि कोंब त्यानंतर येतो. याला कित्येक महिने लागतात, म्हणून ‘काहीच होत नाही’ असं समजून ती टाकून देऊ नये. पानफुटीची गोष्ट निराळी आहे. तिच्या पानाच्या कडेवरच्या खाचांतच रोपं तयार होतात.

स्नेक प्लांटचा पानाचा तुकडाही रोप देतो, मात्र खालची बाजूच पाण्यात राहिली पाहिजे. उलटा ठेवलेला तुकडा रुजत नाही. कापतानाच खालच्या टोकाला इंग्रजी व्हीसारखी खाच द्यावी, म्हणजे घोळ होत नाही. पिवळ्या काठाच्या जातीत आणखी एक गोम आहे. पानाच्या तुकड्यातून आलेली रोपं साधी हिरवी निघतात, कारण तो पिवळा काठ वेगळ्या पेशींच्या थराचा असतो आणि नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून येतो. काठ टिकवायचा असेल तर बुडाशी आलेलं पिल्लू वेगळं करून लावणं हाच मार्ग.

मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा आणि रबर प्लांट यांच्या बाबतीत मात्र नुसत्या पानावर वेळ घालवू नये, असं मला मनापासून वाटतं. हृदयाच्या आकाराचं होयाचं एकच पान कुंडीत रोवून विकतात, तेही याच प्रकारचं. बुडाशी पेराचा तुकडा नसेल तर ते वर्षानुवर्षं टवटवीत राहतं आणि तरीही वाढत नाही. भेट म्हणून ते छानच आहे, पण त्यातून वेल होईल या आशेने घेऊ नये.

कापण्यापूर्वी पेर ओळखता आलं पाहिजे. मनीप्लांटच्या वेलीवर बोट फिरवलं की मध्येमध्ये फुगीर गाठी लागतात आणि तिथेच तपकिरी, बोथट हवाई मुळं दिसतात. ही मुळं पेराची खूण आहेत, पण ती म्हणजे डोळा नव्हे. मॉन्स्टेरात हा घोटाळा फार होतो. जाडजूड हवाई मूळ बघून लोक तुकडा कापतात आणि शेजारचा डोळा मूळ झाडावरच राहून जातो. म्हणून पेराच्या खाली एक-दोन सेंटिमीटर खोड ठेवून छाट द्यावा. पेर पाण्यात आणि पान पाण्याबाहेर असू द्यावं. दोन पेरं घेतली तर उत्तमच, एक कुजलं तरी दुसरं हाताशी राहतं. पान नसलेला, फक्त पेर असलेला खोडाचा तुकडाही फुटू शकतो, त्याला वेळ तेवढा जास्त लागतो.

पाणी आठवड्याला बदलावं, गढूळ झालं तर लगेच. मुळं तीन ते पाच सेंटिमीटर झाली की कटिंग मातीत न्यावं. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, म्हणून माती दाबून भरू नये आणि पहिले दोन आठवडे ती कोरडी पडू देऊ नये.

तुमच्याकडे आत्ता मुळं आलेलं नुसतं मनीप्लांटचं पान असेल, तर ते हिरवं आहे तोवर खुशाल पाण्यात राहू द्या. रोप हवं असेल तर त्याच वेलीचं एक पेर आजच शेजारी ठेवा.