देवनागरीतील समारंभी वळणाचा टंक: पार्श्वभूमी

गोव्यातील लग्नपत्रिका किंवा देवस्थानच्या जत्रोत्सवाची पत्रिका पाहिली, तर इंग्रजी बाजूची नावे तिरक्या, लपेटदार अक्षरांत दिसतात, तर मराठी बाजूवरचे ‘चि. सौ. कां.’ बहुधा वर्तमानपत्री मजकुराच्या टंकात, म्हणजे छपाईच्या अक्षरांच्या साध्या घडणीत, ताठ उभे असते. ही तफावत छपाईच्या इतिहासातून आली आहे, आणि त्या इतिहासाचा आरंभ गोव्यातच झाला.

भारतातील पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. स्टीफन्स यांना स्थानिक लिपीत छापायचे होते. अक्षरांचे सुमारे सहाशे साचे दोनशेंवर आणता येतात, असे त्यांनी १६०८ च्या पत्रात आपल्या वरिष्ठांना कळवले होते. ते खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, गोव्यात पाडले गेले नाहीत, ही मराठी मुद्रणाची फार मोठी हानी होय.

रोमन लपेटीचे मूळ टोकदार लेखणीत आहे. लेखणीवर दाब दिला की रेघ फुगते, सोडला की केसाइतकी बारीक होते. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील लेखनगुरूंनी हे वळण तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेऊन प्रसिद्ध केले. शिशाच्या चौकोनी खिळ्यांत जोडअक्षरी वळण बसवणे कठीण होते. खिळ्यांऐवजी प्रकाशाने फिल्मवर अक्षरे उतरवणारे फोटोटाइपसेटिंग आल्यावर ही अडचण सरली, आणि चार्ल्स स्नेल या लेखनगुरूच्या वळणावरून टंककार मॅथ्यू कार्टर यांनी १९६६ च्या सुमारास ‘स्नेल राउंडहँड’ हा टंक सिद्ध केला.

देवनागरीची घडण याहून निराळी आहे. तिचा जाड-बारीकपणा दाबातून येत नाही, बोरूच्या तिरक्या काटातून येतो, आणि तो काट रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असतो. म्हणून रोमनची लपेट उसनी घेऊन केलेला देवनागरी टंक कितीही नाजूक असला तरी परकाच वाटतो. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात बोरूच्या वळणाला शिशात उत्कृष्ट रूप दिले, पण ते ग्रंथांच्या मजकुरासाठी. धावते, जोडलेले वळण आपल्याकडे होतेच: मोडीत. पणजीच्या पुराभिलेखागारातील मोडी कागदांत एकाच ओढीत अनेक अक्षरे गुंफलेली दिसतात. मोडी व्यवहारातून गेली आणि ही परंपरा टंककारांच्या हाती फारशी आली नाही.

१९९६ मध्ये जाहीर झालेल्या ओपनटाइप या संगणकीय टंकांच्या तंत्रामुळे एका अक्षराची अनेक रूपे संदर्भानुसार बदलता येतात. ‘कीर्ती’ या शब्दात ‘की’च्या वेलांटीचा डोलारा ‘क’वर कितपत झुकावा, आणि ‘र्ती’ची वेलांटी तिच्यावरच्या रफारासह कशी वळावी, हे आता टंककाराला ठरवता येते. यासाठी बोरू हाती धरून प्रत्येक जोडाक्षर लिहून पाहणारा माणूस लागतो, आणि समारंभी देवनागरी टंकाच्या कामाचा बहुतेक वेळ तिथेच जातो.